पहिली मुन्सफबाई : श्रीमती अन्ना चांडी

गेल्या महिन्यांत आमच्या हातीं एक पत्र आलें. लिहिणारे गृहस्थ सेवानिवृत्त शिक्षक असून या मासिकाचे जुने वाचक आहेत. तिघे भाऊ अजून एका चुलीवर जेवतात अशा त्यांच्या घरांतील धाकट्या पुतण्याची पत्नी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदाच्या परीक्षेंत उत्तीर्ण झाली. पदरीं दोन वर्षांचा मुलगा, पुतण्याची नोकरी शहरांत, आणि नेमणूक व्हावयाची ती कोठल्या तरी दूरच्या तालुक्याच्या गांवीं. सूनबाईंनीं ही जागा पत्करावी कीं नाहीं, यावरून घरांत दोन तट पडले आहेत. एका तटाच्या अध्यक्ष थोरल्या वहिनी. त्यांचें म्हणणें असें कीं, घरची बाई लोकांचे तंटे तोडावयास गेली म्हणजे घरांत नवे तंटे उभे राहतात. पत्रकर्ते विचारतात, "आपलें मत काय?"

दुसऱ्याच्या घरचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. वकीलपत्रहि कोणीं दिलेलें नाहीं. परंतु थोरल्या वहिनींचें तें वाक्य वाचतांच जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीं त्रावणकोर संस्थानांत झालेल्या एका वादाची आठवण झाली. त्या वादांत हेंच वाक्य एका विद्वान् पुरुषाच्या तोंडीं होतें, आणि त्यास उत्तर देणारी तरुणी पुढें हिंदुस्थानांतील पहिली स्त्री-न्यायाधीश झाली. तिची हकीकत सांगावी, निकाल वाचकांनींच करावा, असें योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. स्त्रिया आणि न्यायमंदिर यांचा संबंध आपल्याकडे नवा नव्हता. फक्त त्यांची जागा ठरलेली होती, आणि ती न्यायासनाच्या खालीं होती. रखमाबाईंचा खटला आपल्या आज्यापणज्यांनीं चवीनें वाचला. लहानपणीं लागलेल्या लग्नाच्या पतीकडे नांदावयास जाण्याचें त्यांनीं नाकारलें, म्हणून 1884 सालीं मुंबईच्या हायकोर्टांत दावा लागला. 1885 सालीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं तो काढून टाकला, आणि 1887 सालीं न्यायमूर्ति फॅरन यांनीं नांदावयास जा, नाहींतर सहा महिने तुरुंगांत जा, असा हुकूम फर्माविला. एका स्त्रीच्या आयुष्याचा असा उलटसुलट निर्णय होत असतां त्या दालनांत निर्णय करणारी, बाजू मांडणारी वा टिपणें घेणारी एकहि स्त्री नव्हती. वकिलीचें दार तर पुढेंहि पुष्कळ वर्षें बंद राहिलें. रेजिना गुहा या कायद्याच्या पदवीधर स्त्रीनें सनद मागितली, तेव्हां 1916 सालीं कलकत्ता हायकोर्टाच्या पांच न्यायमूर्तींनीं ठरविलें कीं, वकिलांच्या कायद्यांतील 'व्यक्ति' या शब्दांत स्त्री येत नाहीं! आपल्या नाशकांत जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनीं 1892 सालीं ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली; त्यांस अलाहाबाद हायकोर्टाची सनद मिळाली 1921 सालीं. मधलीं एकोणतीस वर्षें काय सोसण्यांत गेलीं असतील, याची कल्पना करावी. स्त्री ही व्यक्ति आहे हें ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायद्यानें 1923 सालीं एकदांचें मान्य केलें.

अन्ना चांडी यांचा जन्म 1905 सालचा, त्रावणकोरांतील एका सिरियन ख्रिस्ती कुटुंबांतला. हा समाज मोठा जुना, कुलाभिमानी आणि चालीरीतींत आपल्यासारखाच कडवा. 1926 सालीं त्या त्रिवेंद्रमच्या लॉ कॉलेजांतून कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडल्या. केरळांत ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. वर्गांत कुचेष्टा पुष्कळ झाली. पति श्री. पी. सी. चांडी हे पोलीसखात्यांत अधिकारी होते, आणि पत्नीच्या शिक्षणाच्या व वकिलीच्या आड ते कधीं आले नाहींत. पोलिसानें आरोपी पकडावा आणि त्याच्याच पत्नीनें त्याचा बचाव करावा, असा योग त्या घरीं आला असल्यास त्या रात्रीं पानावर काय बोलणें झालें असेल, हें ऐकावयास आम्हांस आवडलें असतें. अन्नाबाईंचा वकिलींतील लौकिक मुख्यतः फौजदारी कामांचाच होता.

आतां तो वाद. 1928 सालीं त्रावणकोरांत स्त्रियांस सरकारी नोकऱ्यांत जागा राखून ठेवाव्या कीं काय, याची चर्चा चालू होती. त्रिवेंद्रम येथें एक सभा भरली. तींत श्री. टी. के. वेलु पिळ्ळै बोलले. हे गृहस्थ सामान्य नव्हते. नामांकित वकील, आणि पुढें 1940 सालीं प्रसिद्ध झालेल्या 'त्रावणकोर स्टेट मॅन्युअल' या चार खंडांच्या ग्रंथाचे कर्ते. त्यांचा मुद्दा असा कीं, विवाहित स्त्रियांस नोकऱ्या देऊं नयेत; त्यामुळें कुटुंबांतील शांति बिघडेल, मुलांची हेळसांड होईल, आणि पुरुषाचा मान कमी होईल. अन्नाबाईंनीं तेव्हां वयाची पंचविशीहि गाठलेली नव्हती. त्या व्यासपीठावर चढल्या आणि कोर्टांत प्रतिपक्षाच्या कैफियतीचा समाचार घ्यावा त्याप्रमाणें एक एक मुद्दा घेऊन त्यांनीं त्याचा परामर्ष घेतला.

त्या भाषणाची रीत आम्हांस फार आवडते. रडगाणें नाहीं, दयेची याचना नाहीं. समोरच्या वकिलानें अर्ज केला आहे असें धरून त्यांनीं त्याची मागणी प्रथम स्पष्ट शब्दांत मांडली. स्त्री ही पुरुषाच्या गृहसुखासाठीं निर्माण झाली आहे, आणि स्वयंपाकघराच्या देवळांतून ती बाहेर पडली कीं तें सुख भंगतें, एवढेंच या अर्जाचें सार आहे, असें त्यांनीं दाखवून दिलें. मग विचारलें कीं, संकट आलें असतां बाईच्या मिळकतीनें जीं घरें तगलीं, त्यांच्या सुखाचा हिशेब कोणत्या वहींत लिहावयाचा? आमच्याहि ओळखींत अशीं घरें आहेत, वाचकांच्याहि असतील. कर्ता पुरुष अकालीं गेला, आणि शिक्षिकेच्या पगारावर चार भावंडें शिकलीं. त्या घरांत 'सुख' नव्हतें असें म्हणण्याचें धाडस थोरल्या वहिनीहि करणार नाहींत.

1930 च्या सुमारास अन्नाबाईंनीं 'श्रीमती' या नांवाचें मासिक काढलें व त्याचें संपादनहि केलें. 1931 सालीं त्या श्रीमूलम लोकसभेच्या निवडणुकीस उभ्या राहिल्या. आणि मग जें व्हावयाचें तें झालें. प्रतिस्पर्ध्यांनीं आणि वृत्तपत्रांनीं त्यांच्यावर अशी कांहीं चिखलफेक केली कीं, प्रतिष्ठित घरची दुसरी कोणी असती तर तोंड लपवून बसली असती. त्यांनीं तोंड लपविलें नाहीं. आपल्याच मासिकांतून त्यांनीं उत्तर दिलें कीं, अशा निंदेकडे मुद्दाम दुर्लक्ष करणें हा स्त्रीजातीचाच अपमान होईल. "मोठ्या मनानें सोडून द्यावें" हा उपदेश आपल्या घरांतून मुलींस फार लौकर केला जातो. तो किती वेळां मोठेपणा असतो आणि किती वेळां नुसती सोय असते, याचा विचार करण्यासारखा आहे. पुढें 1932 ते 1934 या काळांत अन्नाबाई त्या सभेच्या सभासद होत्या.

त्यांचीं सर्वच मतें वाचकांस रुचतील असें नाहीं. त्यांच्या समाजासहि तीं रुचलीं नव्हतीं. 1935 सालच्या अखेरीस त्रिवेंद्रम येथें अखिल भारतीय महिला परिषद भरली आणि संततिनियमनाचा ठराव पुढें आला, तेव्हां ख्रिस्ती स्त्रियांनींच त्यास कडाडून विरोध केला. अन्नाबाई मात्र संततिनियमनाच्या केंद्रांच्या बाजूच्या होत्या. मत मिळालें, मालमत्ता मिळाली, नोकरी मिळाली, तरी स्वतःच्या देहावर किती जणींची सत्ता आहे, असा त्यांचा प्रश्न होता. त्याच वर्षांत इकडे मुंबईंत प्रो. र. धों. कर्वे हे 'समाजस्वास्थ्य' मासिकांतून हाच विषय मांडीत होते आणि त्याबद्दल खटले सोशीत होते.

पण आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारें त्यांचें मत निराळेंच आहे. त्रावणकोरच्या कायद्यानें स्त्रीस फाशीची शिक्षा माफ होती. एवढा एक अनुग्रह तरी कोणी स्त्री नाकारील काय? अन्नाबाईंनीं तो नाकारला. ही सवलत काढून टाका, अशी त्यांनीं मागणी केली. त्यांचा तर्क सरळ होता. अपराधाच्या वेळीं स्त्री अज्ञान आणि दुबळी समजावयाची, आणि तिला पूर्ण जबाबदार मानावयाचें नाहीं, असें जो कायदा मानतो, तोच कायदा अधिकाराच्या वेळींहि तिला अपुरीच समजणार. एका हातानें सवलत घ्यावी आणि दुसऱ्या हातानें समता मागावी, हें त्यांस मान्य नव्हतें. फाशीची शिक्षा मुळांत कोणासच असावी कीं नाहीं, याविषयीं आमचें मन साशंक आहे. म्हणून हें मत वाचतांना प्रथम अंगावर कांटा उभा राहिला. तरी त्यांतला प्रामाणिकपणा नाकारतां येत नाहीं. आणि दैवयोग असा कीं, ज्या कोर्टाकडे फाशीचे हुकूम मंजुरीसाठीं येतात, त्या हायकोर्टांत पुढें त्यांस आठ वर्षें बसावें लागलें.

1937 सालीं दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांनीं अन्नाबाईंची मुन्सफ म्हणून नेमणूक केली. दिवाण स्वतः मद्रासचे नामांकित कायदेपंडित. आदल्या वर्षींच संस्थानचीं देवळें सर्व हिंदूंस खुलीं करणारा राजाचा जाहीरनामा निघाला होता. मुन्सफ म्हणजे दिवाणी न्यायाधीशांतील सर्वांत खालची पायरी. बांधाचा तंटा, कर्जाचा कागद, विहिरीच्या पाण्याची पाळी, भावाभावांची वांटणी, असलीं कामें तिच्यापुढें यावयाचीं. पत्रकर्त्यांच्या सूनबाई जी जागा घेणार कीं नाहीं हा वाद चालू आहे, ती पायरी साधारण हीच. कनिष्ठ म्हणून तिला कोणी हलकी समजूं नये. हायकोर्टाची पायरी आयुष्यांत चढणारीं माणसें थोडीं. बहुतेक लोकांस न्याय मिळतो वा नाकारला जातो तो येथेंच.

त्या पहिल्या दिवसांविषयीं अन्नाबाईंनीं आत्मचरित्रांत मोकळेपणीं लिहिलें आहे. हें आत्मचरित्र 1973 सालीं प्रसिद्ध झालें. वरून कितीहि धीर दाखविला तरी आंतून त्या घाबरलेल्या होत्या. हा एक प्रयोग आहे, आणि प्रयोगाची वस्तु आपण आहों, हें त्या जाणून होत्या. आपण चुकलों तर आपली एकटीची नोकरी जाणार नाहीं. "बायकांना हें काम जमत नाहीं" असा शिक्का साऱ्या स्त्रीजातीवर बसेल, ही चिंता त्यांस होती.

येथें आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें. त्याच वर्षीं देशांत कितीतरी पुरुष मुन्सफ झाले असतील. त्यांतील कांहींनीं गाढवपणाचे निकाल दिले असतील आणि ते वरच्या कोर्टांत फिरले असतील. त्यावरून पुरुष न्यायदानास नालायक आहेत असें कोणीं म्हटलें नाहीं. अमुक मुन्सफ कच्चा आहे, एवढेंच लोक म्हणाले. चुकण्याचा हा साधा हक्क अन्नाबाईंस नव्हता. प्रत्येक निकालपत्राखालीं त्यांनीं आपल्या नांवाची सही केली, पण लोकांनीं ती कोट्यवधि स्त्रियांची सही म्हणून वाचली. हें ओझें त्यांनीं तीस वर्षें वाहिलें. 1948 सालीं त्या जिल्हा न्यायाधीश झाल्या. 1956 सालीं केरळ राज्य व केरळ हायकोर्ट अस्तित्वांत आलें. आणि 1959 सालीं त्या हायकोर्टाच्या न्यायमूर्ति झाल्या. इंग्लंडच्या हायकोर्टावर पहिली स्त्री, एलिझाबेथ लेन, आली ती 1965 सालीं. ज्यांच्याकडून आम्ही कोर्टाचा झगा आणि भाषा घेतली, त्यांच्याहि सहा वर्षें आधीं! 1967 सालीं अन्नाबाई निवृत्त झाल्या, आणि नंतर विधि आयोगाच्या कामींहि त्यांचा उपयोग झाला.

परंतु न्यायाधीशाचें आसन मिळालें म्हणून कायदा आपलासा होत नाहीं, हेंहि त्यांच्याच समाजांत दिसून येतें. 1916 च्या त्रावणकोर ख्रिस्ती वारसा कायद्यान्वयें बाप मृत्युपत्र न करितां वारला, तर मुलीस मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग अथवा पांच हजार रुपये, यांपैकीं जें कमी असेल तें मिळे. आणि लग्नांत स्त्रीधन दिलें असल्यास तेंहि नाहीं. विधवेचा हक्क हयातीपुरता, आणि तोहि पुनर्विवाहानें बुडे. म्हणजे जी स्त्री न्यायासनावरून इतरांच्या मालमत्तेचे हुकूमनामे करी, तिच्या समाजाच्या मुलीची किंमत कायद्याच्या पुस्तकांत मुलाच्या पावपट होती. न्यायाधीशानें आहे तो कायदा चालवावयाचा असतो. नसलेला कायदा लिहावयाचा नसतो. या विसंगतीचा भार किती, हें त्या जागेवर बसल्याशिवाय समजणें कठीण.

आपण हंसण्याचें कारण नाहीं. 1937 सालींच ब्रिटिश हिंदुस्थानांत मुंबईचे डॉ. जी. व्ही. देशमुख यांच्या खटपटीनें हिंदु स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला, त्यांत विधवेस मुलाइतका पण हयातीपुरताच हिस्सा मिळाला, आणि मुलीस कांहींच नाहीं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलगी जन्मानेंच भागीदार होण्यास महाराष्ट्रांत 1994 आणि साऱ्या देशांत 2005 साल उजाडावें लागलें. त्रावणकोरचा तो कायदा मेरी रॉय या बाईंनीं सुप्रीम कोर्टांत नेला, आणि 1986 सालीं तो मोडीत निघाला. अन्नाबाई तेव्हां ऐंशी वर्षांच्या होत्या. 1996 सालीं त्या वारल्या.

त्यांच्या मागून येणाऱ्यांची वाट किती रुंद झाली, हें सांगावयास एकच उदाहरण पुरे. पथनमथिट्टा गांवच्या एका मुसलमान गृहस्थानें अन्नाबाईंचा लौकिक ऐकून आपल्या मुलीस कायदा शिकविण्याचा हट्ट धरला. तीहि त्रिवेंद्रमच्याच लॉ कॉलेजांत शिकली, 1958 सालीं मुन्सफ झाली, आणि 1989 सालीं एम. फातिमा बीबी या नांवानें सुप्रीम कोर्टाची पहिली स्त्री-न्यायमूर्ति झाली. आमच्या मुंबईच्या हायकोर्टांत पहिल्या स्त्री-न्यायमूर्ति, श्रीमती सुजाता मनोहर, आल्या त्या 1978 सालीं. न्यायमूर्ति रानड्यांच्या प्रांतानें एवढा उशीर कां लावावा, याचें समाधानकारक उत्तर आम्हांस अजून सांपडलेलें नाहीं.

आतां पत्राकडे वळूं. पत्रकर्ते मोठ्या अभिमानानें लिहितात कीं, सूनबाई गेल्याच तर त्यांनीं "आपल्या घराण्याचें आणि स्त्रीजातीचें नांव राखावें," अशी सर्वांची अपेक्षा आहे. आमची त्यांस हात जोडून विनंति आहे कीं, ही अपेक्षा पेटींत घालूं नये. अन्नाबाईंच्या डोक्यावरचें तें ओझें त्यांच्याबरोबर उतरूं द्यावें. ही मुलगी गेली तर पहिल्या वर्षीं एखादा निकाल वरच्या कोर्टांत फिरेलहि, एखाद्या जुन्या वकिलापुढें ती गडबडेलहि. तेव्हां घरच्यांनीं एवढेंच म्हणावें कीं नवी आहे, शिकेल. धाकट्या दिराच्या पहिल्या नोकरींतील चुकांवर आपण हेंच म्हटलें होतें.

लहान मुलाचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि भाषणानें तो सुटणारा नाहीं. सूनबाईंच्या सासूबाई पहिलें वर्ष बरोबर राहतील कीं काय, पुतण्यास बदली मिळेल कीं काय, हें घरांत बसूनच ठरवावें लागेल. एकत्र कुटुंबाचा एवढा अभिमान आपण बाळगतों, तर चौदा माणसांच्या घरांतून एक माणूस वर्षभर मोकळें होऊं नये असें आम्हांस वाटत नाहीं.

पत्राच्या शेवटीं, निराळ्या अक्षरांत, दोन ओळींचा ताजा कलम आहे. तो थोरल्या वहिनींचा असावा. "अशा गांवीं न्यायाधीशास सरकारी घर मिळतें म्हणतात. त्याचें स्वयंपाकघर केवढें असतें, आणि पाणी नळाचें कीं विहिरीचें, हें आपणांस ठाऊक असल्यास कळवावें."

आम्हांस ठाऊक नाहीं. नेमणुकीचा हुकूम हातीं आला कीं वहिनींनीं तेथील कोर्टाच्या नाझरांस पत्र घालून विचारावें.